नालीवर काढलेला फुटपाथ

ताई,

भाऊजींचा फोन आला तेव्हा दुपार कलली होती. मी ऑफिसात जेवणाचा डबा धुऊन ठेवत होतो. त्यांचा आवाज कानावर पडताच मी विचारलं, "कोणत्या वळणावर?" भाऊजींना काही उमजलं नाही. मग म्हणाले, "वळण कायचं बापू? सैपाकघरात. कणीक मळून राहिली होती."

तो प्रश्न माझ्या जिभेवर आधीपासून तयार का होता, हे मला कोणीच विचारलं नाही. भाऊजींनी नाही, तुझ्या प्रसादनंही नाही. रडारडीत तो वाहून गेला. तू मात्र सोडलं नसतंस. "काहून रे, वळण काहून?" म्हणत माझा कान धरून मला खाली बसवलं असतंस.

काल तुझी तेरवी झाली. प्रसाद सकाळच्या गाडीनं पुण्याला गेला, भाऊजी आत पडले आहेत. मी अकोल्यातच थांबलोय. अमरावतीला घरी सांगितलं की भाऊजी एकटे आहेत. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. तुझ्या पुढच्या खोलीत बसलोय आणि खिडकीतून शेजारच्या कुसुमवहिनींचं फाटक दिसतंय. त्या फाटकाची मला वर्षभर भीती वाटत आली आहे.

भीती मला नवी नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? अकोटजवळच्या आपल्या मळ्यातून शाळेत जाताना नाला लागायचा. पाणी आलं की लोक सिमेंटच्या पाइपावरून पलीकडे जायचे. बाबा झेंडूची टोपली डोक्यावर घेऊन त्यावरून असे जायचे, जसं घरातल्या घरात चाललेत. मी अलीकडेच बसकण मारायचो. तू पुढे व्हायचीस, हात मागं करायचीस आणि म्हणायचीस, "पाण्याकडं पाहू नको. माह्या वेणीकडं पाह." पलीकडे पोचलो की हात सोडून हसायचीस. "भेदरट आहे माहा भाऊ. पण येते बिचारा मागं मागं."

पुढे आयुष्यभर मी तसाच आलो, मागं मागं. फक्त एकदा तुझ्या पुढं गेलो, तेही तुला कळू न देता.

तू शाळेतून निवृत्त झालीस, त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुझे ते फोन सुरू झाले. गल्लीतली पोरं बघवत नाहीत म्हणालीस. शाळा कुठे, तर इथून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर, आणि पोरं ऑटोत कोंबून जातात, दप्तरं बाहेर लोंबतात. तिसरीतलं पोट्टं देवळाच्या पायऱ्या चढताना मध्ये बसून घेते, असं म्हणालीस तेव्हा तुझ्या आवाजात राग नव्हता, घाबरल्यासारखं काहीतरी होतं. तू घाबरतेस हेच मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

मी आपला शहाणा झालो. रस्त्यांचे नकाशे करून देणाऱ्या फर्ममध्ये इतकी वर्षं काढलेला माणूस. म्हणालो, आता जागोजागी बगीच्यात व्यायामाची यंत्रं बसवून राहिले ना, शासन करते काहीतरी. तू म्हणालीस, "हो बापू. घरून गाडीवर बगीच्यात जाचं, तिथं लोखंडाचे पाय हलवाचे, अन् गाडीवर घरी याचं. मळ्यातून शाळेत आपण काय व्यायाम म्हणून जात होतो? वाट होती म्हणून जात होतो. तुमी वाट ठेवा, पाय आपोआप चालतात."

यावर आपण किती भांडलो. मी म्हणायचो, गाड्या वाढल्या, त्यांनी जायचं कुठून? तू म्हणायचीस, गाड्या वाढल्या कारण चालणाऱ्याला तुम्ही घरात बसवलं. मी म्हणायचो, चाळीस-पंचेचाळीस डिग्रीत कोण चालते आपल्या इकडे? तू म्हणायचीस, कडुलिंब होते तेव्हा चालत होते, ते कोणी तोडले? मी विषय बदलायचो. ते भांडण तसंच अर्धं राहिलं आहे. त्यात मी कधी जिंकलो नाही, आणि तू जिंकलीस असंही कधी बोललो नाही. आज बोलतो. तू म्हणत होतीस तेच खरं होतं, आणि मला ते तू म्हणायच्या आधीपासून माहीत होतं.

मग तू तो दोर आणलास. बाजारातून जाड सुती दोर, त्याला हातभर अंतरावर गाठी, प्रत्येक गाठीला रंगीत चिंधी. सकाळी तू गल्लीच्या टोकापासून निघायचीस. एकेका दारातून पोरं यायची, आपापली गाठ धरायची, आणि अख्खी माळ चालत शाळेत जायची. पुढचं टोक तुझ्या हातात, मागचं कुसुमवहिनींच्या. भिंतीला भिंत लागून घर, त्यांचा नातूही दोरात, त्यामुळे त्या आल्याच. पोरांनी लाल गाठीवरून मारामाऱ्या केल्या. ऑटोवाला तुझ्यावर रुसला, तर त्याला तू घरी बोलावून चहा पाजलास आणि त्याच्याच मुलीला दोरात घेतलंस. फोनवर हे सांगताना तुझा श्वास भरून यायचा, पण दमल्यासारखा नाही, खेळून आलेल्या माणसाचा भरतो तसा. शुगरच्या गोळ्या कमी झाल्या म्हणालीस.

आणि त्याच दिवसांपासून अमरावतीत मी सकाळी फोनकडे बघायला घाबरू लागलो. शाळेची वेळ टळेपर्यंत चहा उतरायचा नाही. बायको म्हणायची, पित्त झालं असेल.

कारण तो रस्ता, ताई, मी काढलेला होता.

हे तुला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. तुझा दोर यायच्या कितीतरी आधी तुमच्या गल्लीबाहेरचा मोठा रस्ता रुंद करायचं काम आमच्या फर्मकडे आलं. नकाशाचा तो भाग माझ्या टेबलावर होता. जागा मोजली तेव्हाच दिसलं की गाड्यांसाठी मागितलेली रुंदी आणि फुटपाथ, दोन्ही बसत नाहीत. अशा वेळी आमच्या धंद्यात एक करतात. फुटपाथ उचलून नालीवर टाकतात. नालीवर ढापे म्हणजे सिमेंटची झाकणं येणारच असतात, त्यांनाच फुटपाथ म्हणायचं. कागदावर नाली आहे, फुटपाथही आहे, बोट ठेवायला जागा नाही. पुण्यामुंबईकडे कदाचित हे चालत असेल. पण मी काळ्या मातीतला. उन्हाळ्यात आपली माती फाटते, पाण्यात फुगते, नालीच्या भिंती ढकलते, आणि सारखे बसवलेले ढापे दोन वर्षांत दात पडल्यासारखे वर-खाली होतात. मला हे कोणी शिकवायला नको होतं, आपल्या विहिरीचा कठडा दर साली तिरपा होताना मी पाहिला आहे. तरी मी ती रेघ नालीवर ओढली. साहेबांनी पाहिली, म्हणाले, "फुटपाथ दाखवलाय ना? बस." राखायच्या झाडांसाठी नकाशात गोल काढतात, कडुलिंबांच्या जागी ते काढायचे राहिले. ते मुद्दाम राहिले.

त्या दिवाळीत तुझ्या घरी जेवत होतो. वांग्याची भाजी, ठेचा. तू वाढता वाढता त्या रस्त्याच्या नावानं चिडलीस. "कोन्या गाढवानं काढला असंन तो रस्ता? त्याले एकदा पावसात त्या ढाप्यांवरून चालवलं पाहिजे, पायात चप्पल न घालता." भाऊजी म्हणाले, "अगं, जेवू दे त्याले." मी पोळी मोडत होतो. मी म्हणालो, "अजून ठेचा वाढ." तू वाढलास.

दुसऱ्या दिवशी शाळा नव्हती, पण तू पोरांना किल्ला बघायला म्हणून दोर काढलास आणि मलाही ओढलंस, पाहुण्याला मान म्हणून मधली गाठ दिलीस. सगळे हसले. शाळेच्याच वाटेनं निघालो. त्या वाटेवरच्या वळणाच्या आधी ढापे संपतात, कारण तिथे एका घरानं गाडी चढवायला उतार बांधलाय आणि पुढे विजेची डीपी उभी आहे. म्हणजे दोर रस्त्यावर येतो आणि नेमका वळणावर रस्ता ओलांडावा लागतो. पलीकडून येणारं काही दिसत नाही. मध्ये भिंत येते, तीही मीच नकाशात काढलेली. खाली उतरताना मनूचा, त्या पहिलीतल्या पोरीचा, पाय दोन ढाप्यांच्या मध्ये गेला. दोर ताणला गेला, पुढची पोरं मागं ओढली गेली आणि मधली तीन-चार वळणाच्या तोंडाशीच खोळंबली. त्याच वेळी विटांचा टेम्पो आला. तू हात वर केलास. टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून तुला नमस्कार केला, तो तुझा विद्यार्थी निघाला. मनूचा पाय निघाला, चप्पल नालीत गेली, पोरं खदखदा हसली, तूही. सगळं मिळून एखादं मिनिट गेलं असेल.

माझ्या हातातली गाठ मात्र सुटेना. कुसुमवहिनींनी मागून पाहिलं असावं, कारण परत येताना त्या तुला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ताई, मले त्या वळणावर भेव लागते." तू म्हणालीस, "मलेही लागते. म्हणून तं दोर हाये." आणि पुढे चालू लागलीस. मी बोलायला हवं होतं. मी तो माणूस होतो ज्याला ते वळण कसं झालं ते माहीत होतं.

अमरावतीला आल्यावर मला झोप लागेना. डोळा लागला की तो टेम्पो थांबायचा नाही. आठवडा झाला आणि मी तुझ्या शाळेच्या मोठ्या बाईंना फोन केला. म्हणालो, मी एक पालक बोलतो आहे. त्या वळणावर पोरं मरतील. मरतील असा शब्द वापरला, ताई. उद्या काही झालं तर पेपरात शाळेचं नाव येईल म्हणालो. त्यांनी नाव विचारलं, मी फोन ठेवला.

त्यांची चूक नाही. कोणीही तेच केलं असतं. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर निरोप आला की पायी गटानं येताना काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. दुसऱ्या दिवशी दोराला अर्धीच पोरं होती. आठवडा सरेस्तोवर एकटा कुसुमवहिनींचा नातू उरला, तोही मग ऑटोत बसू लागला. ऑटोवाल्याची मुलगीसुद्धा.

तू मला फोन केलास. रडत नव्हतीस, तुझा आवाज सपाट झाला होता. म्हणालीस, "कोनं सांगितलं ते मले माहीत हाये. त्याच दिवशी तोंडानं बोलली होती ना, भेव लागते म्हणून. शेजारीण म्हणून शेपटाले ठेवली, अन् तिनंच दोर कापला."

आणि मी म्हणालो, "हूं."

मी पुष्कळ खोटं बोललो असेन आयुष्यात, साऱ्या माणसांसारखं. पण एवढं लांब पुरलेलं खोटं दुसरं नाही. तू कुसुमवहिनींशी बोलणं सोडलंस. भिंतीवरून जाणारी भाजीची वाटी थांबली. संक्रांतीला अख्ख्या गल्लीला हळदीकुंकू, त्यांचं दार सोडून. भाऊजींनी एकदा मला हळूच विचारलं, एवढं काय झालं रे या दोघींचं, आणि मी म्हणालो, बायकांचं काही सांगता येत नाही.

तू चालणं सोडलंस. मी फोनवर विचारायचो, सकाळी जातेस का फिरायला? "एकटी कुठं जाऊ? अन् कायले?" दूध भाऊजी गाडीवरून आणू लागले, भाजीवाला दारात येऊ लागला. तू बसलीस, ताई. गोळ्या परत वाढल्या. गुडघे दुखतात म्हणालीस. आणि मी त्या दिवसांत निवांत होतो. सकाळी चहा प्यायचो. झोप लागायची. वाटायचं, घरात आहे ना, सुखरूप आहे.

डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस फुटली. बीपी होतं, शुगर होती, वय होतं. मी विचारलं, चालणं बंद झालं म्हणून? ते म्हणाले, असं एकच कारण नसते सांगता येत. मला तिथे त्यांनी हो म्हणायला हवं होतं की नाही, हे मलाच कळत नाही. तू चालत राहिली असतीस तरी कदाचित तीच दुपार आली असती. किंवा त्याआधी तो टेम्पो आला असता. मला यातलं काहीच माहीत नाही, आणि उरलेलं आयुष्य हे माहीत नसण्यासोबत राहायचं आहे. मी वर्षभर एका दाराशी पहारा देत बसलो, आणि तू ज्या घरात मला सुरक्षित वाटत होतीस, तिथूनच गेलीस.

तुला नेताना कुसुमवहिनी रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या. जवळ आल्या नाहीत. काल तेरवीला मात्र मागच्या दारानं आल्या आणि कोणी काही म्हणायच्या आत भांडी घासायला बसल्या. पंगती उठल्यावर मी पत्रावळी बाहेर टाकत होतो, तेव्हा पदराला हात पुसत माझ्यामागे आल्या.

"बापूभाऊ, एक विचारू? ताईले शेवटपर्यंत मीच वाटली का?"

मी म्हणालो, "नाही वहिनी. तिच्या मनात तसं काही नव्हतं."

त्या म्हणाल्या, "मंग बोलली काहून नाही?"

मी पत्रावळी टाकल्या आणि आत आलो. तुझ्या देव्हाऱ्यासमोर उभा राहिलो. ज्या खोटेपणानं तू त्यांच्यापासून तुटलीस, त्याच्यावर मी आणखी एक खोटं चढवलं होतं, आणि वर मला वाटत होतं की मी त्यांचं मन राखलं.

आज सकाळी गेलो. त्या ओट्यावर गहू निवडत होत्या. मी बसलो नाही, बसलो असतो तर बोललो नसतो. म्हणालो, शाळेत फोन मी केला होता. त्यांचा हात सुपात फिरत राहिला. म्हणालो, रस्ताही मीच काढला होता, फुटपाथ मीच नालीवर टाकला. तेव्हा हात थांबला.

मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा बोल लावतील. त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाहेर फेकला. म्हणाल्या, "तुमाले भेव लागत होतं तं तिले सांगाचं होतं. मलेही लागत होतं. मी तिच्या तोंडावर सांगितलं अन् रोज शेपटाले धरून चालली. तुमच्या भेवाचं नाव माह्यावर काहून पाडलं?"

मी हात जोडले. त्यांनी ते पाहिलेच नाहीत.

मग म्हणाल्या, "मले सांगून काय होते? ती तं गेली. गल्लीत जे समजून बसले त्याईले सांगा. शाळेत जाऊन सांगा, तुमच्याच तोंडानं."

उद्या शाळा सुटायच्या वेळेला फाटकापाशी पालक जमतात. मोठ्या बाईंना भेटायचं, आणि त्या पालकांसमोर उभं राहायचं. नाव सांगायचं. फोन सांगायचा. नकाशा सांगायचा. साहेबांच्या कानावर जाणारच, आणि त्याच रस्त्याचा पुढचा तुकडा माझ्या टेबलावर आहे, त्यातही फुटपाथ नालीवरच आहे. तो मला आता तसा ओढता येणार नाही, आणि दुसऱ्या तऱ्हेनं ओढला तर मला तिथे कोणी ठेवणार नाही.

पण ताई, खरी धास्ती याची नाही. लोक चिडतील, चिडू देत. मला धास्ती आहे त्या आईची, जी सगळं ऐकून घेईल आणि विचारेल, मग आता पाठवू का लेकराला चालत? काय सांगू? वळण तसंच आहे. डीपी तिथेच आहे. नाही म्हणालो तर पोरं ऑटोतच राहतील आणि तुझं काम मी दुसऱ्यांदा मोडीन. हो म्हणालो आणि एखाद्या सकाळी तो टेम्पो थांबला नाही तर? फोनवर मी नाव लपवलं होतं, पण धोका खोटा सांगितला नव्हता. तुझं आणि माझं भांडण हेच होतं शेवटी. तू म्हणायचीस धोका आहे म्हणून चला, चालणारे दिसले की रस्ता सुधारावा लागतो. मी म्हणायचो, सुधारेपर्यंत घरी बसा. तुझ्या वाटेवर एखादं पोर जिवानिशी जाऊ शकते. माझ्या वाटेवर तू गेलीस.

हे कुसुमवहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "हेच सांगा. धोका हाये म्हणून सांगा, कोनं केला ते सांगा, अन् काय कराचं ते लोकाईले ठरवू द्या. लोकं काही कुक्कुलं बाळ नाहीत."

मग सूप उचलून उठता उठता त्यांनी विचारलं, संग येऊ का उद्या? एवढं सगळं ऐकल्यावर. मी मान हलवली, नको म्हणालो, तुम्ही कशाला, माझं मीच बघतो. आणि फाटक लावून तुझ्या ओट्यापर्यंत आलो. तिथे पाय पुढं जाईनात. परत गेलो. त्या आत गेल्या होत्या, दार अर्धं लोटलेलं होतं. मी बाहेरूनच हाक मारली.

म्हणालो, वहिनी, या. मले एकट्यानं जायले भेव लागते.